होडीच्या यंत्रांतील पाणी : एका लहानशा कड्याचा इतिहास



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं पुष्कळांस नवल वाटलें असेल. इतिहासाच्या भाषणांत राजे, लढाया आणि तह ऐकावयाची आपणांस संवय आहे. त्या ठिकाणीं मी आज होडीच्या मागें टांगलेल्या एका यंत्राच्या खालच्या पेटीविषयीं, आणि त्या पेटींत चोरपावलांनीं शिरणाऱ्या पाण्याविषयीं बोलणार आहें. मी कांहीं यंत्रज्ञ नव्हे. मॅट्रिकची परीक्षा देऊन शाळेंत मास्तर म्हणून शिरलों आणि पेन्शन घेऊन बाहेर पडलों. जन्मभर मुलांना इतिहास शिकविला. परंतु इतिहास कशासाठीं शिकावयाचा, या प्रश्नाचें समाधानकारक उत्तर मला शाळेंत मिळालें नाहीं. तें म्हातारपणीं या पाण्यानें दिलें. तें मिळविण्यासाठीं माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला मात्र एका हंगामाची किंमत द्यावी लागली. म्हणून ही हकीकत कांहींशा संकोचानेंच सांगत आहें.

मालवणच्या बाजूस आमचें घर समुद्रापासून हांकेच्या अंतरावर आहे. हा विद्यार्थी शाळेंत शेवटच्या बांकावर बसणारा. सातवी होतांच त्यानें पाटी ठेवली आणि वडिलांच्या होडीवर गेला. कांहीं वर्षांपूर्वीं त्यानें एक जुनें आउटबोर्ड यंत्र विकत घेतलें. त्यास कमी पडलेली रक्कम मीं माझ्या पेन्शनींतून दिली होती. त्यामुळें यंत्र उघडावयाचें झालें कीं मी आपल्या हक्कानें शेजारीं खुर्ची टाकून बसत असें. एके दिवशीं त्यानें खालच्या पेटीचा स्क्रू सैल केला. आंतून मधासारखें तपकिरी तेल यावयाचें, तें आलें दुधासारखें पांढरें.

ज्यांनीं हें यंत्र जवळून पाहिलें नाहीं, त्यांच्यासाठीं त्याची रचना थोडक्यांत सांगतों. होडीच्या मागच्या फळीला पकडीनें अडकविलेलें हें यंत्र तीन मजली असतें. वरच्या मजल्यावर इंजिन. तेथून एक उभा आंस मधल्या नळीसारख्या भागांतून खालीं उतरतो. सर्वांत खालीं, पाण्याच्या आंत, माशाच्या आकाराची एक बंद पेटी असते. तींत कोनांत बसविलेलीं दांतेरी चाकें उभ्या आंसाची गति आडव्या आंसाला देतात, आणि त्या आडव्या आंसाच्या टोंकावर पंखा फिरतो. चाकें जोरानें फिरावयाचीं म्हणून पेटी तेलानें भरलेली असते. म्हणजे पेटीच्या भोंवतीं समुद्र आणि पेटीच्या पोटांत तेल. दोहोंच्या मध्यें केवळ आंसाभोंवतीं बसविलेलीं रबराचीं कांहीं कडीं. हीं कडीं शाबूत आहेत तोंपर्यंत सर्व ठीक. तीं चुकलीं म्हणजे खारें पाणी आंत येतें, चाकें त्यास तेलाबरोबर घुसळतात, आणि रवीखालीं ताक व्हावें तसें आंत पांढरें दूध तयार होतें. असल्या तेलाचा थर दांत्यांवर टिकत नाहीं. बेअरिंगांवर गंज चढतो, दांत्यांना खळगे पडतात, आणि एके दिवशीं चाक तुटतें. तें दिवस निवडून तुटत नाहीं. पुष्कळदां किनाऱ्यापासून दूरच तुटतें.

दुधाळ तेल पाहून मला आमच्या शाळेच्या कपाटांतील एका जुन्या इंग्रजी पुस्तकाची आठवण झाली. होडीच्या यंत्रांच्या निगेविषयीं तें पुस्तक होतें. त्यांत स्वच्छ लिहिलें होतें कीं, खालच्या पेटींत पाणी येऊं लागल्यास ती घट्ट वंगणानें दाबून भरावी. मीं मोठ्या आत्मविश्वासानें तसा सल्ला दिला. विद्यार्थी थोडा घुटमळला. तो म्हणाला, "गुरुजी, तेल बदलून काय होतला? पाणी खयसून येता, ता आधी बघूक व्हया." परंतु गुरुजींचा शब्द मोडावयाचा कसा? त्यानें पेटी वंगणानें भरली. पुढें काय झालें तें सांगण्यापूर्वीं, मीं ज्या इतिहासाकडे दुर्लक्ष केलें तो आपणांपुढें ठेवतों.

जहाजाच्या तळाशीं भोंक पाडणें हें कोणत्याही सुताराच्या जिवावर येणारें काम. आमच्या कोंकणांतील होडी बांधणारा कारागीर फळ्यांच्या सांध्यांत कापसाच्या वाती ठोकतो, वर चंद्रुस घातलेलें तेल लावतो, आणि थेंबभर पाणी आलें तरी अस्वस्थ होतो. वाफेचीं पहिलीं जहाजें निघालीं तीं बाजूच्या मोठाल्या चाकांवर चालत. त्या चाकांचा आंस पाण्याच्या पातळीच्या वर असे, म्हणून हा प्रश्नच उत्पन्न झाला नाहीं. १८३६ सालीं इंग्लंडमध्यें फ्रान्सिस पेटिट स्मिथ या शेतकऱ्यानें पाण्याखालीं फिरणाऱ्या मळसूत्री पंख्याचें पेटंट घेतलें; त्याच वर्षीं जॉन एरिक्सन या स्वीडिश एंजिनिअरनेंही घेतलें. १८३८ सालीं स्मिथच्या पंख्याचें 'आर्किमिडीज' नांवाचें जहाज पाण्यांत उतरलें. १८४५ सालीं इंग्रजी आरमारानें पंख्याचें 'रॅटलर' आणि चाकांचें 'अलेक्टो' हीं दोन जहाजें पाठीला पाठ बांधून एकमेकांविरुद्ध ओढावयास लावलीं. रॅटलरनें अलेक्टोला तिचीं चाकें पुढें फिरत असतां मागें फरफटत नेलें. पंख्याचा विजय झाला. परंतु त्या विजयाबरोबर जहाजाच्या मागच्या अंगाला, पाण्याच्या पातळीखालीं, एक भोंक कायमचें आलें. आणि त्या भोंकांत अहोरात्र फिरणारा एक आंस आला.

स्थिर वस्तूभोंवतींचें भोंक बुजविणें सोपें. फिरत्या आंसाभोंवतींचें कठीण. घट्ट दाबावें तर आंस तापतो आणि झिजतो, सैल ठेवावें तर पाणी येतें. त्या काळच्या कारागिरांनीं चरबींत भिजविलेली तागाची दोरी आंसाभोंवतीं गुंडाळून ती एका पेटींत दाबून बसविली. परंतु आंसाला आधार देणाऱ्या पितळी धारव्या समुद्राच्या पाण्यांत आणि वाळूंत लौकर झिजत, आंस लटपटे, आणि मग दोरीचा उपाय चालत नसे. १८५४ च्या सुमारास ग्रिनिच येथील जॉन पेन या एंजिनिअरनें पितळेऐवजीं लिग्नम व्हिटी या लांकडाच्या पट्ट्या बसविल्या. हें अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांतील लांकूड इतकें जड कीं पाण्यांत बुडतें, आणि त्याच्या अंगांतच राळेसारखें द्रव्य असतें. पट्ट्यांमधून समुद्राचें पाणी खेळत राही आणि तेंच वंगणाचें काम करी. शत्रूला दाराशीं अडविण्याऐवजीं त्याला चाकरीस ठेवण्याचा हा प्रकार झाला. मोठ्या जहाजांचा प्रश्न यानें पुष्कळसा सुटला. कारण मोठ्या जहाजावर आंत आलेलें पाणी उपसावयास पंप असतो आणि पंपापाशीं माणूस असतो.

लहान होडीची गोष्ट निराळी. येथें दांतेरी चाकांची पेटीच पाण्यांत बुडलेली. त्या पेटींत उपसणारा कोणी नाहीं आणि आंत डोकावून पाहणाराही कोणी नाहीं.

होडीला बाहेरून यंत्र टांगण्याचे प्रयत्न १९०० च्या आधींपासून होत होते. अमेरिकेंत कॅमेरॉन वॉटरमन या गृहस्थानें १९०५ सालीं डेट्रॉइट नदीवर आपलें यंत्र चालवून पाहिलें. प्रथम त्यानें साखळीनें पंखा फिरविण्याची युक्ति केली होती; पुढें साखळी जाऊन आंस आणि बंद पेटींतील दांतेरी चाकें आलीं. परंतु हें यंत्र घरोघर नेण्याचें श्रेय ओले एव्हिनरूड यास जातें. त्याचा जन्म १८७७ सालीं नॉर्वेंत झाला. पांच वर्षांचा असतां तो आईबापांबरोबर अमेरिकेंत विस्कॉन्सिन प्रांतांत आला. शाळेचें शिक्षण बेताचेंच. सोळाव्या वर्षीं मॅडिसन शहरीं यंत्राच्या कारखान्यांत उमेदवारी करावयास गेला आणि पुस्तकें वाचून आपलें आपण शिकला. पुढें मिलवॉकी शहरांत त्यानें सांचे करण्याचें दुकान काढलें. १९०६ च्या उन्हाळ्यांतील एक गोष्ट त्याच्याविषयीं सांगतात. तळ्यांतील एका बेटावर मंडळी वनभोजनास गेली होती. बेस नांवाच्या तरुणीनें आइस्क्रीमची इच्छा दर्शविली. ओले वल्हीं मारीत पलीकडच्या तीरास गेला आणि परत येईपर्यंत आइस्क्रीमचें पाणी झालें. या वल्ह्यांना कांहीं पर्याय पाहिजे, हा विचार त्याच्या मनांत तेव्हां पक्का झाला म्हणतात. गोष्टींत पदरचें मीठ किती हें सोडून देऊं. एवढें खरें कीं बेस त्याची पत्नी झाली, तिनें धंद्याचा सर्व पत्रव्यवहार आणि जाहिराती संभाळल्या, आणि १९०९ सालीं एव्हिनरूडचें यंत्र विक्रीस निघालें. त्याची शक्ति दीड अश्वबळ, वजन ६२ पौंड आणि किंमत ६२ डॉलर. बेसनें तें पहिल्यानें पाहिलें तेव्हां तिला तें कॉफी दळण्याच्या यंत्रासारखें दिसलें, असें सांगतात.

आतां या यंत्राच्या खालच्या पेटीकडे लक्ष द्यावें. तींत आजच्यासारखीं रबरी कडीं नव्हतीं. तसलें रबरच त्या वेळीं जगांत नव्हतें. आंस पितळी नळ्यांत फिरे. नळी आणि आंस यांच्यामध्यें केसाएवढी फट, आणि त्या फटींतून पाणी येणार हें गृहीतच धरलेलें. मग उपाय काय? पेटी घट्ट वंगणानें ठासून भरावयाची. वंगण एकाच वेळीं दोन कामें करी. चाकांना ओलावा देई आणि फटींत बसून पाण्याची वाट अडवी. तें हळूहळू फटींतून बाहेर गळे, म्हणून मालकानें दर कांहीं तासांनीं स्क्रू काढून पुन्हा भरावयाचें. चाकें मंद फिरत, शक्ति दीड-दोन अश्वबळांची, त्यामुळें हा कारभार चालून जाई. आमच्या शाळेच्या कपाटांतील पुस्तक या काळांतलें होतें. त्यांतला सल्ला त्या यंत्रासाठीं अगदीं बरोबर होता.

परंतु यंत्र तेथेंच थांबलें नाहीं. पत्नीच्या प्रकृतीमुळें एव्हिनरूड १९१३ च्या सुमारास धंद्यांतून बाहेर पडला. पुढें ॲल्युमिनमचा भरपूर उपयोग केलेलें, वजनानें हलकें असें दोन सिलिंडरांचें यंत्र घेऊन त्यानें पुन्हा स्वतंत्र धंदा उभारला. १९२२ सालीं जॉन्सन बंधूंचें अवघ्या ३५ पौंडांचें यंत्र बाजारांत आलें. स्पर्धा लागली, वेग वाढला. बेस १९३३ सालीं आणि ओले १९३४ सालीं वारलीं. परंतु तोंपर्यंत हें यंत्र अमेरिकेच्या तळ्यातळ्यांवर पोहोंचलें होतें. वेगानें फिरणाऱ्या चाकांना घट्ट वंगण पुरेना. चाक एकदां वंगणांतून फिरलें कीं तें बाजूला सारलें जाई आणि चाकाभोंवतीं पोकळी राही. दांत्यांपर्यंत पुन्हा ओलावा पोहोंचत नसे. त्यांना वाहतें तेल पाहिजे होतें. पण वाहतें तेल पेटींत ठेवावयाचें म्हणजे फट बुजलीच पाहिजे.

ही फट बुजविण्याची साधनें १९३० नंतरच्या दहा वर्षांत तयार झालीं, आणि तीं होडीसाठीं झालीं नव्हतीं. मोटारगाड्यांच्या आंसाभोंवतीं पूर्वीं चामड्याचीं कडीं वापरीत. जर्मनींतील वाइनहाइम गांवच्या फ्रॉइडेनबर्ग या चामड्याच्या कारखान्यांत वाल्टर झिमर या ऑस्ट्रियन एंजिनिअरनें तयार कड्याची एक पद्धति बसविली. आंसाला टेंकणारा पातळ ओंठ, आणि त्या ओंठाला आंसावर हलकेंच दाबून धरणारी बारीक स्प्रिंग. चामड्याच्या जागीं पुढें रबर आलें. पण साधें रबर नव्हे. झाडापासून निघणारें रबर खनिज तेलांत फुगतें आणि मऊ पडतें. १९३१ सालीं अमेरिकेंत ड्यू पाँ कंपनीनें निओप्रीन जाहीर केलें आणि त्याच सुमारास जर्मन रसायनशास्त्रज्ञांनीं नायट्राइल रबर तयार केलें. या कृत्रिम रबरांवर तेलाचा फारसा परिणाम होत नाहीं. आज गॅरेजवाले ज्यास 'ऑइल सील' म्हणतात, तें या दोन शोधांचें अपत्य होय.

फिरत्या आंसासाठीं ओंठाचें सील झालें. स्थिर सांध्यांसाठीं निराळें साधन पाहिजे होतें. त्याची कथा मला विशेष प्रिय आहे, कारण तिचा नायक माझ्याहूनही वृद्ध आहे. नील्स ख्रिस्तेन्सन हा डेन्मार्कमध्यें जन्मलेला कारागीर १८९१ सालीं अमेरिकेस गेला. ट्रामगाड्यांच्या हवेच्या ब्रेकांत त्यानें नांव कमावलें. त्याचा कारखाना होता त्या मिलवॉकी शहरांतच एव्हिनरूडचें दुकान. उतारवयांत त्यानें घरीं प्रयोग करून असें पाहिलें कीं, रबराचें गोल कडें त्याच्या जाडीपेक्षां थोड्या रुंद खांचणींत बसविलें, म्हणजे दाब येतांच तें स्वतः सरकून फट बंद करतें, आणि दाब जितका अधिक तितकें तें घट्ट बसतें. १९३७ सालीं त्यानें पेटंटासाठीं अर्ज केला तेव्हां त्याचें वय ७२ वर्षांचें होतें. हीच 'ओ-रिंग'. दुसरें महायुद्ध सुरू झाल्यावर अमेरिकन सरकारनें विमानांसाठीं या शोधाचे हक्क आपल्याकडे घेऊन तो सर्व कारखान्यांस मोकळा केला. १९४२ सालीं मलाया जपानच्या हातीं गेल्यामुळें झाडाच्या रबराचा पुरवठा तुटला आणि कृत्रिम रबराचे प्रचंड कारखाने निघाले. १९४५ च्या मार्चमध्यें र्‍हाइन नदी ओलांडतांना अमेरिकन सैन्याच्या हल्ल्याच्या होड्यांना आउटबोर्ड यंत्रेंच होतीं. युद्ध संपलें तेव्हां हीं स्वस्त आणि उत्तम कडीं शांततेच्या कामास मोकळीं झालीं.

तीं वेळेवरच मिळालीं. कारण १९४९ सालीं जॉन्सन कंपनीनें दहा अश्वबळांचें असें यंत्र काढलें कीं, दांडा हलवितांच होडी पुढें जाई, जागीं थांबे किंवा मागें येई. सोय मोठी झाली. परंतु चाकें बदलण्यासाठीं पेटींत आणखी एक काठी घालावी लागली, म्हणजे पेटीला आणखी एक भोंक पडलें. पुढें १९६० नंतर इंजिनाचा धूर पंख्याच्या पोकळ तुंब्यांतून पाण्यांत सोडण्याची पद्धति आली. आवाज कमी झाला, पण सीलाच्या शेजारीं उष्णता आली. प्रत्येक नवी सोय पाण्यासाठीं एक नवी वाट घेऊन येते. आमच्याकडील पश्चिम किनाऱ्यावर, प्रथम केरळांत आणि मग कोंकणांत, १९८० नंतर हीं यंत्रें साध्या होड्यांवर बसूं लागलीं, तीं या सर्व सोयी आणि या सर्व वाटा घेऊनच आलीं.

आतां माझ्या सल्ल्याचें फळ ऐका. वैशाखाचे दिवस होते. पावसापूर्वीं मिळेल तेवढें पदरांत पाडून घ्यावयाचे दिवस. माझा विद्यार्थी आणि त्याचा मुलगा जाळें टाकून परत येत असतां पेटींतून आधीं खरखर ऐकूं आली, मग एक मोठा ठोका बसला, आणि पंखा थांबला. वारा बाहेरच्या अंगाला होता. जाळें सोडून द्यावें लागलें. बापलेकांनीं वल्हीं मारून अंधार पडल्यावर किनारा गांठला. त्या संध्याकाळीं त्याची आई आमच्या ओट्यावर येऊन बसली होती. ती कांहीं बोलली नाहीं, आणि मीही बोलूं शकलों नाहीं. दुसऱ्या दिवशीं पेटी उघडली. बेअरिंग गंजून तांबडें झालेलें, लहान चाकाचे दांते उडालेले, आणि माझें वंगण चाकांपासून दूर, कोंपऱ्यांत जसेंच्या तसें बसलेलें. १९१० सालचें औषध मीं आपल्या काळच्या रोग्याला दिलें होतें.

नवीं चाकें आणून बसविल्यावर त्यानें यंत्र पुन्हा पाण्यांत नेलें नाहीं. "आतां मी सांगतों तसें करूं," असें तो मला म्हणाला, आणि मीं मान डोलाविली. त्याची पद्धत सांगतों. कारण ती ज्याला कळली त्याला कोणतेंही गळणारें यंत्र कळलें.

पहिली गोष्ट, पाणी बहुधा यंत्र चालू असतां जितकें शिरत नाहीं तितकें यंत्र थांबल्यावर शिरतें. चालतांना पेटी तापते, आंतील तेल आणि हवा फुगते. यंत्र थांबलें कीं गार समुद्र पेटीला थंड करतो, आंतील हवा आकसते, आणि पेटी पाणी ओढून घेते. गरम जिन्नस भरलेल्या बरणीचें झांकण थंड झाल्यावर कसें आंत ओढलें जातें, हें आपल्या घरांतील स्त्रियांना ठाऊक आहे. म्हणून परीक्षा दोन्ही दिशांनीं पाहिजे. आंतून दाब देऊन, आणि आंतील हवा शोषून.

दुसरी गोष्ट, स्वस्त कारण आधीं पाहावें. तेल काढण्याच्या आणि भरण्याच्या स्क्रूंखालीं लहान वॉशर असतात. ते दबून चपटे झाले म्हणजे पाणी येतें. पुष्कळजण सबंध पेटी खोलतात आणि हे दोन वॉशर जुनेच ठेवतात. यंत्र रात्रभर उभें ठेवून सकाळीं खालचा स्क्रू जरा सैल करावा. तळाशीं बसलेलें स्वच्छ पाणी आधीं आलें, तर पाणी पुष्कळ आहे असें समजावें. स्क्रूला चुंबक असेल तर त्यावर चिकटलेलें लोखंड पाहावें. बारीक लव ही नेहमींची झीज, पण तुकडे निघाले तर दांते गेले.

तिसरी गोष्ट, पंखा काढून मागें पाहावें. त्यानें पंखा काढला आणि आंसाभोंवतीं तंगूसाचे वेढेच्या वेढे निघाले. समुद्रांत तरंगणारा तुटका तंगूस पंख्यांत सांपडतो, आंसावर गुंडाळतो, आणि करवतीसारखा सीलाचा ओंठ कापतो. जें साधन पोटाला घालतें त्याचाच तुकडा यंत्राचा घात करीत होता.

नवें सील बसविल्यावर मला वाटलें, काम संपलें. त्यानें मात्र स्क्रूच्या भोंकाला नळी लावून, दाबाचें घड्याळ असलेल्या सायकलच्या पंपानें हवा भरली आणि पेटी पाण्याच्या पिंपांत बुडविली. आरंभ चार-पांच पौंडांच्या दाबानें केला; कारण जोराचा दाब सीलाच्या ओंठाला आंसावर चेपून लहान गळती लपवितो. मग दहा ते पंधरा पौंडांपर्यंत नेला. त्याहून अधिक देऊं नये, चांगलीं सीलें त्यानें बिघडतात. आंस हातानें फिरविला, दांडा पुढें-मागें केला. पंख्याच्या बाजूनें अजूनही एकेक बुडबुडा येत होता. त्यानें आंस पुसून माझा हात धरला आणि माझें नख आंसावरून फिरविलें. नख एका सूक्ष्म खोबणींत अडकलें. जुन्या सीलाच्या ओंठानें वर्षानुवर्षें घांसून पोलादावर ती खोबण पाडली होती. रबरानें पोलाद झिजावें हें मला खोटें वाटलें असतें. पण वाळू आणि मीठ ओंठाखालीं बसलें म्हणजे तें सहाणेचें काम करतें. नवें सील खोबणीवर बसलें तर कितीही नवें असो, गळणारच. त्यानें सील केसभर अलीकडे बसविलें, म्हणजे त्याचा ओंठ कोऱ्या पोलादावर आला. बुडबुडे थांबले.

शेवटीं हवा शोषून पाहिली. दाबाला टिकलेली पेटी शोषणाला टिकली नाहीं. घड्याळाचा कांटा हळूहळू उतरूं लागला. त्यानें प्रत्येक सांध्यावर थोडें तेल लावलें. जेथें तें आंत ओढलें गेलें, ती जागा वरच्या आंसाभोंवतीं, थंड पाण्याच्या पंपाच्या खालीं निघाली. सीलाचा ओंठ एका दिशेला घट्ट आणि दुसऱ्या दिशेला ढिला असूं शकतो. म्हणूनच पुष्कळ यंत्रांत दोन सीलें पाठीला पाठ लावून बसवितात, एक तेल आंत ठेवावयास आणि दुसरें पाणी बाहेर ठेवावयास. एक गळती सांपडली म्हणजे दुसरी नाहींच, असें धरून चालूं नये. तेंही सील बदललें. मग खालच्या भोंकांतून तेल भरलें, तें वरच्या भोंकांतून येऊं लागेपर्यंत. म्हणजे आंत हवा अडकून राहत नाहीं. वरचा स्क्रू आधीं बंद केला, खालचा नंतर. दहा-एक तास चालविल्यावर तेल पुन्हा काढून पाहिलें. मधासारखें होतें.

या सर्व दुरुस्तींत सीलांची किंमत अगदीं थोडी होती. चाकें, बेअरिंगें, जाळें आणि बुडालेला हंगाम यांची मोठी होती. आणि ती माझ्या सल्ल्याच्या खात्यावर मांडावयास हवी. पुढील नारळी पौर्णिमेला त्यानें समुद्राला नारळ दिला तेव्हां मलाही बरोबर नेलें. जाळ्यासाठीं मीं देऊं केलेले पैसे त्यानें घेतले नाहींत.

लहानशा कड्याकडे दुर्लक्ष केल्याचें फळ कोंकणांतील होडीलाच भोगावें लागतें असें नाहीं. १९८६ च्या जानेवारीच्या २८ तारखेस अमेरिकेचें 'चॅलेंजर' हें अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालें आणि सात अंतराळवीर प्राणांस मुकले. थंडीनें रबराची एक ओ-रिंग ताठरली आणि तिनें फट वेळेवर बंद केली नाहीं. चौकशीच्या बैठकींत रिचर्ड फाइनमन या शास्त्रज्ञानें तसल्या रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यांत दाबून ठेवून तो पूर्ववत् फुगत नाहीं, हें सर्वांसमक्ष दाखविलें. थंडीची भीति एंजिनिअरांनीं आदल्या रात्रीं बोलून दाखविली होती. तेथेंही कोणी तरी, पाणी कोठून येतें तें आधीं पाहा, असें म्हणत होता आणि वरच्या माणसाचा शब्द मोठा ठरला.

ओले एव्हिनरूडच्या नांवाची यंत्रें चालविणारी मोठी अमेरिकन कंपनी २००० च्या अखेरीस दिवाळ्यांत निघाली. दुसऱ्यांनीं तें नांव पुढें चालविलें, पण २०२० सालीं त्या नांवाचीं यंत्रें करणें बंद झालें. १९०९ पासून मोजलें तर एकशें अकरा वर्षें झालीं. त्याच्या कंपनीपेक्षां त्याच्या गांवच्या म्हाताऱ्याचें रबरी कडें अधिक टिकलें.

मीं आरंभीं म्हटलें कीं इतिहास कशासाठीं शिकावयाचा याचें उत्तर मला मिळालें. जुन्या पुस्तकांतील गोष्ट खोटी नव्हती. ती ज्या यंत्रासाठीं सांगितली होती तें यंत्र माझ्यापुढें नव्हतें, एवढेंच. कोणताही उपाय हातीं घेण्यापूर्वीं तो कोणत्या काळचा आणि कोणत्या रोगावरचा, हें विचारावयास शिकविणें हें इतिहासाचें काम. मीं चाळीस वर्षें मुलांकडून सनावळ्या पाठ करून घेतल्या आणि हें एक विचारावयाचें राहून गेलें. शेवटच्या बांकावरच्या मुलानें तें आपल्या बोलींत विचारलें होतें. मला तें ऐकूं आलें नाहीं.

आपल्या घरीं नळ गळत असेल, छप्पर गळत असेल, किंवा एखादा हिशेब गळत असेल. खालीं भांडें ठेवून पुन्हां पुन्हां रिकामें करण्यापूर्वीं, पाणी कोठून येतें तें एकदां पाहावें. इतकें सांगून मी आपला निरोप घेतों.